वाचकांचे प्रश्न : वस्ती नवी होताना वस्तीतली माणसे

शहरांच्या जुन्या भागांचा पुनर्विकास या विषयावर आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. मराठवाड्यातून आलेल्या पत्रांपैकी काही पत्रे थोडी संक्षिप्त करून आणि पत्रलेखकांची नावे वगळून येथे घेतली आहेत.

प्रश्न : आमच्या जुन्या मोहल्ल्याच्या पुनर्विकासाचा प्रकल्प अहवाल पाहण्यात आला. रस्ते, मलनिस्सारण, वीज आणि वाहनतळ यांवर पानेच्या पाने आहेत. ‘सामाजिक शाश्वतता’ या शीर्षकाखाली मात्र दोनच परिच्छेद आहेत आणि त्यांत एक उद्यान व एक सभागृह एवढेच आहे. या शीर्षकाखाली खरोखर काय असायला हवे?
— एक वाचिका, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : उद्यान हवेच आणि सभागृहही हवे, परंतु ती बांधकामांची यादी झाली. या शीर्षकाखाली मुख्यतः एका प्रश्नाचे उत्तर मिळायला हवे. आज त्या मोहल्ल्यात जी कुटुंबे राहतात आणि जी माणसे तिथे पोट भरतात, त्यांपैकी किती जण काम पूर्ण झाल्यानंतर पाच-दहा वर्षांनीही तिथेच असतील, पूर्वीपेक्षा बऱ्या स्थितीत असतील आणि एकमेकांच्या अडीनडीला धावून जाण्याइतकी जवळ असतील? अहवाल याविषयी गप्प असेल, तर रस्ता कितीही रुंद झाला तरी तो पुनर्विकास त्या लोकांचा झाला असे म्हणता येणार नाही. लंडनच्या यंग फाउंडेशनने 2011 मध्ये नव्या वसाहतींसाठी या विषयाची एक चौकट मांडली होती. शाळा-दवाखान्यांसारख्या सोयी वेळेवर उभ्या राहणे, लोकांचे सामाजिक-सांस्कृतिक जीवन, निर्णयांत त्यांचा आवाज आणि काळाप्रमाणे वस्तीला बदलता येईल अशी मोकळीक, अशी तिची चार अंगे आहेत. चौकट उपयोगी आहे, पण मराठवाड्यातल्या वाचकाला हा विषय किल्लारीच्या भूकंपानंतरच्या पुनर्वसनावरून अधिक नीट कळेल.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर झालेल्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे दगावली. जागतिक बँकेच्या कर्जाच्या आधाराने राज्य शासनाने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला आणि 52 गावे पूर्णपणे नव्या जागी वसवली. ती गावे होती, शहरे नव्हती, हे खरे. परंतु त्यांची आखणी शहराच्या वसाहतीसारखीच झाली, म्हणून त्यांचा अनुभव आपल्या शहरांना लागू पडतो. घराचे क्षेत्र जमिनीच्या मालकीवरून ठरले. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना 250 चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना 400 आणि त्याहून अधिक जमीन असलेल्यांना 750 चौरस फूट घर मिळाले. कागदावर हे नियमबद्ध दिसते. पण अनेक ठिकाणी आराखडा काढताना एका मापाची घरे एका ओळीत बसवली गेली, आणि त्यामुळे मजुरांची घरे एका बाजूला, मोठ्या शेतकऱ्यांची दुसऱ्या बाजूला अशी गावाची नवी फाळणी झाली. जुन्या गावात भिंतीला भिंत लागून राहणारी भावकी आणि शेजार दूर पांगला. अरुंद, सावलीच्या गल्ल्यांच्या जागी रुंद, सरळ आणि उन्हात तापणारे रस्ते आले. दारापुढचा ओटा, जिथे बसून बायका निवडटिपण करत आणि त्याच वेळी शेजारच्या लेकरांवर नजरही ठेवत, तो नव्या नकाशात कुठेच नव्हता. घरे भूकंपाला टिकतील अशी होती आणि लोकांच्या मनातली दगडी भिंतींची दहशत पाहता तो मोठाच दिलासा होता, हे इथे नोंदवलेच पाहिजे. तरीही म्हातारी माणसे आणि घरात राहणाऱ्या बायका यांच्या वाट्याला आलेला एकटेपणा कोणत्याच हिशेबात धरला गेला नव्हता.

त्याच कार्यक्रमाची दुसरी बाजूही सांगायला हवी. जी गावे हलवली नाहीत आणि जिथे घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण करायचे होते, तिथे स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने महिला मंडळांतल्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमले गेले. अनुदानाचा हप्ता कसा मिळतो, भिंतीत कोणते बांधकाम हवे, गवंडी काम बरोबर करतो की नाही, हे घरोघरी समजावण्याचे काम त्यांनी केले. पुढे 2001 मध्ये भूजला भूकंप झाला तेव्हा इथल्या बायका तिथल्या बायकांना आपला अनुभव सांगायला गेल्या. घर बांधून झाल्यावरही जे गावात उरते ते हेच, आणि ते कंत्राटात लिहून मिळत नाही; त्यासाठी कामाची रीतच तशी ठेवावी लागते.

म्हणून आपल्या मोहल्ल्याच्या अहवालात पाडकामाआधीची एक सविस्तर यादी आहे का, ते पाहा. तिच्यात केवळ मालमत्ताधारक नकोत. किरायाने राहणारे, दुकानाच्या फळीवर बसून घड्याळे किंवा चपला दुरुस्त करणारे, घरात शिवणकाम किंवा जरीकाम करणारे, एकट्या राहणाऱ्या वृद्ध स्त्रिया, कागदपत्रे नसलेली कुटुंबे, हे सगळे तिच्यात यायला हवेत. कोणाचा कोणावर भार आहे, म्हणजे कोणाची मुले कोणाकडे सोडली जातात आणि आजारपणात कोण कोणाला दवाखान्यात नेते, याचीही नोंद करता येते आणि ती करावी. सर्वेक्षण करणाऱ्याला हे विचारायला दोन मिनिटे जास्त लागतात. पुढे काम संपल्यावर हीच यादी हातात घेऊन दरवर्षी कोण उरले आणि कोण गेले हे तपासण्याची जबाबदारी एका नेमक्या अधिकाऱ्यावर टाकलेली असावी.

प्रश्न : माझी आई बऱ्याच वर्षांपासून एका मोठ्या रुग्णालयाच्या फाटकासमोर फळांचा गाडा लावते. आता त्या रस्त्याचे सुशोभीकरण होणार असून सर्व गाडेवाल्यांना शहराबाहेरच्या बाजूला बांधलेल्या नव्या ओट्यांवर जाण्यास तोंडी सांगितले आहे. आम्हाला काही हक्क आहे का?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : आहे, आणि तो बराच स्पष्ट आहे. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचे संरक्षण करणारा केंद्रीय कायदा 2014 चा आहे. त्यानुसार शहरातल्या सर्व विक्रेत्यांचे सर्वेक्षण पूर्ण होऊन त्यांना विक्री प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणालाही उठवता येत नाही. सर्वेक्षण किमान दर पाच वर्षांनी व्हायला हवे. त्यानंतर एखाद्याला दुसरीकडे हलवायचेच असेल, तर 30 दिवसांची नोटीस द्यावी लागते. तोंडी सूचनेला या कायद्यात स्थान नाही. माल जप्त केला तर नाशवंत माल मागणी केल्यावर त्याच दिवशी आणि इतर माल दोन कामकाजाच्या दिवसांत परत करण्याची तरतूद आहे. फळे नाशवंत असल्याने ही तरतूद आपल्या आईसाठी फार महत्त्वाची आहे.

याच कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत स्थलांतराची तत्त्वे दिली आहेत. ती फारशी कोणी वाचत नाही, म्हणून थोडी सविस्तर सांगतो. जागेची स्पष्ट आणि तातडीची गरज असल्याशिवाय स्थलांतर शक्यतो टाळावे. करायचे झाल्यास त्याच्या आखणीत विक्रेत्यांचे प्रतिनिधी असावेत. आणि नव्या जागी विक्रेत्याचे उत्पन्न व राहणीमान सुधारावे, निदान पूर्वीच्या पातळीवर तरी राहावे, असे त्यात म्हटले आहे. पन्नास वर्षांहून अधिक काळ चालत आलेल्या नैसर्गिक बाजाराला वारसा बाजार घोषित करून तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये, असेही तिथे नमूद आहे. मराठवाड्यातल्या जुन्या शहरांत, विशेषतः मोंढ्याच्या आणि देवळा-दर्ग्यांच्या आसपास, अशा जागा बऱ्याच निघतील.

आता नव्या ओट्यांविषयी. ओटे बांधले, छप्पर घातले, पाण्याचा नळ दिला, तरी अशा मंडया ओस का पडतात याचे कारण विक्रीच्या रोजच्या व्यवहारात दडलेले आहे. रुग्णालयाच्या फाटकासमोरचा गाडा चालतो, कारण रुग्णाला भेटायला आलेला माणूस आत जाता जाता डझनभर मोसंबी किंवा नारळपाणी घेतो. तो खास फळे घ्यायला घरून निघालेला नसतो. गाडा दोन किलोमीटर दूर गेला की तो गिऱ्हाईक नाहीसा होतो आणि त्याच्या जागी दुसरा येत नाही. भाजीवालीचा बराच धंदा संध्याकाळी, कामावरून परतणाऱ्या लोकांच्या वाटेवर होतो. ती वाट नव्या ओट्यावरून जात नसेल, तर ओटा फुकट मिळूनही परवडत नाही. शिवाय जमिनीवर टोपली घेऊन बसणाऱ्या बायकांसाठी स्वच्छतागृह जवळ आहे की नाही यावर त्या दिवसभर बसू शकतात की नाही हे ठरते. ओट्यांचा नकाशा काढताना हा प्रश्न बहुधा विचारला जात नाही, याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते.

आपण नगर पथविक्रेता समितीकडे लेखी अर्ज करावा. या समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले आणि त्यांतल्या एक तृतीयांश महिला असाव्यात, असे कायदा सांगतो. आईने पंतप्रधान स्वनिधी योजनेतून कर्ज घेतले असेल तर त्याची कागदपत्रे, जुन्या बाजार फीच्या पावत्या आणि त्या जागी गाडा असल्याची जुनी छायाचित्रे अर्जासोबत जोडावीत. शेजारच्या गाडेवाल्यांनीही असेच अर्ज केले तर त्यांचे वजन वाढेल. फुटपाथ पायी चालणाऱ्यांसाठी मोकळा हवा, हे रास्तच आहे. त्यासाठी गाड्यांना रांगेत ठरावीक जागा आखून देणे हा मार्ग त्याच रस्त्यावर शक्य आहे, आणि आपल्या अर्जात तो सुचवावा.

प्रश्न : जुन्या बाजारातल्या एका पडीक इमारतीत माझे शिलाईचे दुकान किरायाने आहे. मालकाने विकसकाशी करार केला असून त्यात आम्हा किरायेदारांचा उल्लेखच नाही. इमारत धोकादायक ठरवून पाडली की आमचा हक्क संपेल, असे सांगितले जाते.
— एक वाचक, लातूर

उत्तर : ही समजूत चुकीची आहे. इमारत पाडली गेली म्हणून किरायेदारीचा हक्क आपोआप संपत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये दिलेला आहे, आणि ते प्रकरण महापालिकेने इमारत पाडल्याचेच होते. मात्र हक्क शाबीत करण्यासाठी कागद लागतो. किरायाच्या पावत्या, वीजबिल, दुकान नोंदणीचा दाखला जपून ठेवा. पाडकामाआधी आपल्या दुकानाचे मोजमाप करून त्याची नोंद महापालिकेच्या दप्तरी व्हावी म्हणून अर्ज द्या आणि स्थानिक वकिलाचा सल्ला आताच घ्या. इमारत उभी आहे तोवर हे काम सोपे असते.

प्रश्न : आमच्या झोपडपट्टीच्या जागी चार मजली इमारती बांधून प्रत्येकाला फ्लॅट देण्याचे घाटत आहे. काही लोक खूश आहेत. मी पापड-कुरडया करून विकते, शेजारणीने दोन शेळ्या पाळल्या आहेत. आम्ही फ्लॅटला हो म्हणावे की नाही?
— एक वाचिका, परभणी

उत्तर : ताई, होय किंवा नाही हे आपल्या वस्तीने मिळून ठरवावे, त्यासाठी काय तोलून पाहावे एवढे आम्ही सांगू शकतो.

पहिली गोष्ट म्हणजे फ्लॅट हा एकमेव मार्ग नाही. 2005 साली सुरू झालेल्या जेएनएनयूआरएम (जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियान) या शहरांसाठीच्या केंद्रीय अभियानात मराठवाड्यातून एकट्या नांदेडची निवड झाली होती. तिथल्या अनेक झोपडपट्ट्यांमध्ये लोकांना न हलवता, त्यांच्याच जागेवर पक्की घरे बांधण्याचा मार्ग स्वीकारला गेला. अहमदाबादमध्ये त्याआधी, 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात, महापालिकेने पाणी, गटार, शौचालय, रस्ते आणि दिवे वस्तीतच पुरवले. प्रत्येक कुटुंबाने 2000 रुपये वाटा उचलला आणि पुढची दहा वर्षे वस्ती उठवली जाणार नाही, अशी हमी महापालिकेने दिली. त्या एका हमीच्या भरवशावर लोकांनी स्वतःच्या पैशाने घरे सुधारली. पंतप्रधान आवास योजनेतही स्वतःच्या जागेवर घरकुल बांधण्याचा घटक आहे आणि तिच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रात केंद्राचे दीड लाख व राज्याचा एक लाख असे अनुदान त्यासाठी मिळत होते. अडचण येते ती जागा नावावर असण्याच्या अटीची. म्हणून बांधकामाची चर्चा सुरू होण्याआधी जमिनीचा पट्टा मिळेल का, हा प्रश्न लावून धरावा. 2018 मध्ये राज्य शासनाने घरकुलासाठी शासकीय जमिनीवरील अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरण घेतले आहे; आपली जमीन कोणाच्या मालकीची आहे ते आधी शोधून काढा.

दुसरी गोष्ट आपल्या कामाची. उन्हाळ्यात कुरडया, शेवया, सांडगे वाळवायला जागा आणि ऊन लागते. चार मजली इमारतीत गच्ची एक आणि कुटुंबे सोळा किंवा चोवीस. गच्चीला कुलूप लावण्याचा प्रघात तर सर्रास आहे. गच्ची वापरायला खुली राहील, तिथे पाण्याची सोय असेल आणि तळमजल्यावर सामाईक कामाची खोली असेल, हे करारात लिहून घेतले नाही तर आपला व्यवसाय घरासोबत जाणार नाही, मागेच राहील. शेळ्यांना इमारतीत जागा मिळत नाही आणि ज्या कुटुंबाचे आजारपण एक शेळी विकून निभावते, त्याचे नुकसान कोणत्याही भरपाईत धरलेले नसते.

तिसरी गोष्ट पाण्याची आणि देखभालीची. आमच्या मते अशा बहुतेक योजना इथेच अडखळतात. आपल्या भागातल्या अनेक शहरांत नळाला काही दिवसांआड पाणी येते. बैठ्या घरात ते टाकीत आणि पिंपात भरता येते. तिसऱ्या मजल्यावर मात्र तळटाकीतून मोटारीने वर चढवावे लागते. मोटारीचे वीजबिल कोण भरणार? आठ कुटुंबांनी भरले आणि चौघांनी नाही भरले तर काय होणार? 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. ज्या प्रदेशाने तो उन्हाळा पाहिला आहे, तिथे इमारत बांधताना टाकीची क्षमता आणि देखभालीचा निधी हे विषय लिफ्ट आणि रंगाच्या आधी यायला हवेत. देखभालीसाठी ठरावीक रक्कम सुरुवातीलाच बँकेत ठेवून तिच्या व्याजातून खर्च भागवण्याची अट घालता येते. ती अट मान्य होत नसेल तर फ्लॅटला हो म्हणण्यापूर्वी शंभरदा विचार करा.

राहता राहिला घरवाटपाचा प्रश्न, आणि तो नाजूक आहे. सोडत काढून घरे दिली तर वर्षानुवर्षांचे शेजार तुटतात. जुने शेजार जसेच्या तसे ठेवले तर जातीधर्माच्या जुन्या रांगाही नव्या इमारतीत जशाच्या तशा उभ्या राहतात. किल्लारीच्या भागात मापाप्रमाणे ओळी लावल्याने काय झाले ते वर आलेच आहे. आम्हाला त्यातल्या त्यात बरा वाटणारा मार्ग असा की पाच-सहा कुटुंबांनी आपल्या मर्जीने गट करून एकत्र अर्ज द्यावा, आणि कोणत्या गटाला कोणती इमारत मिळेल हे सोडतीने ठरावे. शेजार टिकतो आणि एकाच समाजाची अख्खी इमारत होण्याची शक्यता कमी होते. वृद्ध आणि अपंग असलेल्या कुटुंबांना तळमजला आधी द्यावा, याला तर कोणाचाच विरोध नसावा.

प्रश्न : मी निवृत्त अभियंता आहे. आमच्या शहराच्या प्रकल्पासाठी ‘लोकसहभागाची’ सभा झाली. मोठ्या सभागृहात, कामाच्या दिवशी, दुपारी. नकाशे इंग्रजीत होते आणि वीसेक माणसे आली. ही औपचारिकता टाळण्याचा काही उपाय आहे का?
— एक वाचक, जालना

उत्तर : आपल्यासारखी नकाशा वाचता येणारी माणसे हाच पहिला उपाय आहे. दुपारच्या सभेला मजूर, घरकाम करणाऱ्या बायका आणि दुकानदार येऊच शकत नाहीत. सभा संध्याकाळी, गल्लीतच, शाळेच्या अंगणात किंवा पारावर व्हावी आणि बायकांची वेगळी बैठक व्हावी, अशी मागणी करता येते. नकाशा मराठीत आणि गरज असेल तिथे उर्दूतही हवा. त्यावर ‘भूखंड क्रमांक’ एवढेच लिहिण्यापेक्षा देऊळ, मशीद, पिठाची गिरणी, हातपंप अशा ओळखीच्या खुणा दाखवल्या की म्हाताऱ्या बाईलासुद्धा आपले घर सापडते, आणि घर सापडले की ती बोलायला लागते.

कायद्याचा आधार कोणता, हे प्रकल्प कोणत्या मार्गाने येतो त्यावर ठरते. शहराची प्रारूप विकास योजना असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 नुसार प्रसिद्धीनंतर हरकती-सूचनांसाठी 30 दिवसांची मुदत असते आणि हरकत घेणाऱ्याला नियोजन समितीपुढे म्हणणे मांडता येते. 2013 च्या भूसंपादन कायद्याखाली जमीन घेतली जात असेल तर सामाजिक परिणामांचे मूल्यमापन, बाधित भागातच जाहीर सुनावणी आणि स्थानिक भाषेत अहवाल या गोष्टी येतात, आणि त्या कायद्यातल्या बाधित कुटुंबाच्या व्याख्येत किमान तीन वर्षांपासून तिथे पोट भरणारे किरायेदार व कारागीरही बसतात. परंतु हीच जमीन विकास हक्कांच्या, म्हणजे जादा बांधकामाच्या परवानगीच्या, मोबदल्यात किंवा मालकाशी थेट करार करून घेतली तर ही मूल्यमापनाची पायरी वगळली जाते. शहरांतले रस्ता रुंदीकरण पुष्कळदा याच मार्गाने होते. मालकाला चटईक्षेत्र, म्हणजे बांधकामाचे जादा क्षेत्र, मिळते आणि त्याच इमारतीतल्या किरायेदाराच्या हाती काहीच पडत नाही. ही उणीव आम्हाला फार गंभीर वाटते. जमीन कोणत्याही मार्गाने मिळवली तरी मूल्यमापन व्हावे, असा ठराव महापालिकेच्या सभागृहाला करता येण्यासारखा आहे. आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाकडे त्याची लेखी मागणी करावी.

जालन्याला 2023 मध्ये महापालिका झाली असल्याने पुढच्या काही वर्षांत तिथे बरेच आराखडे नव्याने होतील. आपण आणि आपले काही सहकारी मिळून प्रत्येक प्रभागात आठवड्यातून एक संध्याकाळ नकाशा वाचून दाखवण्याचे काम करू शकलात तर हरकती वेळेत आणि नेमक्या जातील. हरकत लिहिताना ‘आमचा विरोध आहे’ एवढ्यावर थांबू नये. कोणता रस्ता, किती रुंदी, त्यात किती घरे आणि किती दुकाने जातात, त्यांतली किती किरायाची, आणि पर्यायी रेषा कोणती, हे प्रत्येक हरकतीत लिहावे. अर्जाच्या दोन प्रती करून दुसरीवर आवक क्रमांक आणि शिक्क्यासह पोच घ्यावी, कारण सुनावणीत पहिल्यांदा तीच मागितली जाते.